टाइम्स स्क्वेअरचे फुकट वाय-फाय: मोबाइल डेटा ऑफलोडचा हिशेब नेमका कुठे बसतो

मोबाइलच्या टॉवरवरून जाणारा डेटा वाय-फायकडे वळवणे याला धंद्यात ऑफलोड म्हणतात. प्रकरण न्यूयॉर्कचे, काळ साधारण २००७ ते २०१५. कंपनीचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. पहिला आयफोन अमेरिकेत कोणाकडे मिळायचा हे ज्यांना आठवते त्यांना ते कळेलच, आणि ज्यांना आठवत नाही त्यांचे काही अडणार नाही. बहुतेक आकडे कंपनीने स्वतः जाहीर केलेले किंवा सरकारी नोंदीतले आहेत. जिथे उदाहरणासाठी आकडे धरले आहेत तिथे तसे सांगितले आहे.

पार्श्वभूमी

२००७च्या जूनमध्ये आयफोन आला तेव्हा अमेरिकेत तो या एकाच कंपनीकडे मिळत होता. हा हक्क तिच्याकडे फेब्रुवारी २०११पर्यंत राहिला. २००८पासून आयफोनच्या थ्रीजी डेटाचा प्लॅन महिना ३० डॉलरचा होता, वापराला मर्यादा नाही. विक्रीच्या दृष्टीने ही चांदीच होती. जाळ्यावर मात्र असा भार आला की कोणत्याही नियोजन विभागाची झोप उडावी. कंपनीने नंतर सांगितल्याप्रमाणे २००७ ते २०१० या चार वर्षांत तिच्या जाळ्यावरचा डेटा ८,००० टक्क्यांनी वाढला. ८,००० टक्के वाढ म्हणजे मूळ आकड्याच्या ८१ पट. चार वर्षांत ८१ पट म्हणजे दर वर्षी सरासरी तिप्पट. हा 'दर वर्षी तिप्पट' पुढच्या सगळ्या हिशेबात लागणार आहे.

वाढ सगळीकडे सारखी नव्हती. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को इथे आयफोनधारकांची दाटी सर्वात जास्त होती. डिसेंबर २००९मध्ये गुंतवणूकदारांच्या परिषदेत कंपनीच्या मोबाइल विभागप्रमुखाने उघडपणे मान्य केले की या दोन शहरांत जाळे अपेक्षेला उतरत नाही. ३ टक्के स्मार्टफोनधारक ४० टक्के डेटा वापरतात, असेही त्याने त्याच भाषणात सांगितले. त्याच महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्कच्या पत्त्यांवर आयफोनची ऑनलाइन विक्री थोड्या काळासाठी बंद झाली होती.

नेमकी अडचण काय होती

'डेटा फार वाढला' हे निदान अपुरे आहे. टॉवरवर एकाच वेळी तीन वेगवेगळ्या गोष्टी भरत होत्या आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली गोष्ट रेडिओ, म्हणजे टॉवर आणि फोन यांच्यातला बिनतारी भाग. त्या काळच्या थ्रीजीत ५ मेगाहर्ट्झच्या एका कॅरिअरवर (लहरींच्या एका पट्टीवर), एका सेक्टरला (टॉवर ज्या दिशांत वाटलेला असतो त्यातल्या एका दिशेला), प्रत्यक्ष सरासरी २ ते ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळत. जाहिरातीतले ७.२ एमबीपीएस हे एका फोनला, टॉवरच्या पायथ्याशी, बाकी कोणी नसताना. उदाहरणासाठी ३ धरू. तीन सेक्टर, प्रत्येकावर दोन कॅरिअर, म्हणजे अख्ख्या टॉवरचे १८ एमबीपीएस. तासाभरात जास्तीत जास्त ८.१ जीबी.

दुसरी गोष्ट बॅकहॉल, म्हणजे टॉवरपासून एक्स्चेंजपर्यंतची लाइन. अमेरिकेतले बहुतेक टॉवर तेव्हा टी-वन या तांब्याच्या लाइनवर होते. एका लाइनचा वेग १.५ एमबीपीएस. एखाद्या टॉवरला अशा आठ लाइन दिल्या तरी १२ एमबीपीएसच होतात. वर रेडिओ १८ देऊ शकतो आणि खालून १२च निघतात. अशा ठिकाणी नवा स्पेक्ट्रम लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. आयफोन बॅटरी वाचवण्यासाठी डेटा जोडणी स्वतःच लवकर तोडायचा. दोन मिनिटांनी ईमेल तपासायला पुन्हा जोडायचा. पुन्हा तोडायचा. प्रत्येक वेळी फोन आणि नियंत्रण यंत्रणा यांच्यात संदेशांची देवघेव होते. डेटा काही किलोबाइटचा, पण त्यासाठीचा सिग्नलिंगचा खटाटोप तेवढाच. त्यामुळे डेटाची क्षमता शिल्लक असतानाही कॉल लागत नव्हते. हजारो फोन एका चौकात आले की हा प्रकार सर्वाधिक होतो, आणि टाइम्स स्क्वेअर म्हणजे नेमका तोच चौक.

समोरचे पर्याय

टॉवर वाढवणे हा सरळ उपाय. मॅनहॅटनमध्ये त्यात पैशापेक्षा जागा आडवी येते. गच्चीचा मालक, इमारतीची समिती, महापालिकेची परवानगी, वीज, लाइन या सगळ्यातून एक नवी साइट उभी राहायला वर्ष किंवा त्याहून जास्त जाऊ शकते. मागणी वर्षाला तिप्पट होत असताना वर्षभराचा उशीर म्हणजे साइट सुरू होते त्याच दिवशी ती अपुरी.

हातात असलेला स्पेक्ट्रम अधिक कामाला लावणे हा दुसरा पर्याय. कंपनीचे जाळे ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालायचे. ८५० भिंतीतून चांगले आत शिरते, म्हणून थ्रीजी त्यावर आणल्याने घरातली रेंज लगेच सुधारते. पण त्या पट्ट्यावर आधी जुने टूजी ग्राहक बसलेले असतात. त्यांना हलवल्याशिवाय जागा होत नाही.

बॅकहॉल फायबरवर नेणे हा तिसरा. खर्चिक, पण एकदा केले की पुढच्या फोरजीलाही तेच उपयोगी पडते.

चौथा वाय-फाय. वाय-फायचे स्पेक्ट्रम फुकट आहे, म्हणून बैठकीत हा पर्याय नेहमी स्वस्त दिसतो. खांबाचे भाडे, लाइन, वीज आणि देखभाल मात्र फुकट नाही. खुल्या रस्त्यावरच्या वाय-फायमध्ये यंत्राची किंमत हा किरकोळ भाग असतो. दर महिन्याचा चालू खर्च भारी पडतो.

पाचवा फेम्टोसेल: ग्राहकाच्या घरात ठेवायचा छोटा टॉवर, जो त्याच्याच ब्रॉडबँडवर चालतो.

आणि सहावा दर बदलणे. अमर्याद प्लॅन बंद करून मोजून विकणे. इंजिनिअर लोक याला उपाय मानत नाहीत. या प्रकरणात सर्वात जास्त परिणाम याच पर्यायाने झाला असे आमचे मत आहे. त्याकडे पुढे येऊ.

कंपनीने काय केले

कंपनीने थोडेथोडे सगळेच केले. क्रम महत्त्वाचा आहे.

२००८च्या सुरुवातीला देशातल्या एका मोठ्या कॉफी साखळीच्या सात हजारांवर दुकानांचे वाय-फाय कंपनीने आपल्याकडे घेतले. नोव्हेंबर २००८मध्ये हॉटेले आणि खाद्यगृहांना वाय-फाय चालवून देणारी एक कंपनी २७.५ कोटी डॉलर रोख देऊन विकत घेण्याचे जाहीर केले. त्यामुळे अमेरिकेत तिच्याकडे सुमारे २०,००० हॉटस्पॉट झाले. हा व्यवहार हुशारीचा होता. हॉटेले आणि कॉफीची दुकाने वाय-फायसाठी स्वतः पैसे मोजत होती, जागा त्यांची, वीज त्यांची. ऑफलोडचा चालू खर्च दुसऱ्याच्या खिशातून जाण्याची ही सोय होती. वर ती विकत घेतलेली कंपनी चालवणारी माणसे आणि लॉगिनची यंत्रणाही आयती मिळाली.

आयफोनधारकांना हे हॉटस्पॉट फुकट केले. सुरुवातीला लॉगिनसाठी एसएमएसने दुवा मागवावा लागे. चालता चालता एवढे कोण करतो? २००९च्या आयफोन ओएस ३ पासून फोन आपोआप लॉगिन करू लागला आणि वापर खरा तिथून वाढला.

२५ मे २०१० रोजी टाइम्स स्क्वेअरमध्ये प्रयोग म्हणून 'हॉटझोन' सुरू झाला. जागा अगदी मोजकी: सेव्हन्थ अव्हेन्यूवर ४५ ते ४७ क्रमांकाच्या रस्त्यांच्या दरम्यानचा पट्टा. दुकानाच्या आतल्या हॉटस्पॉटऐवजी उघड्या चौकात वाय-फाय देण्याचा कंपनीचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. त्या वर्षात शार्लट, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये असेच पट्टे झाले, आणि न्यूयॉर्कमध्येही व्याप वाढला.

हॉटझोननंतर दोनच आठवड्यांनी, ७ जून २०१० पासून, नव्या ग्राहकांसाठी अमर्याद प्लॅन बंद. त्याऐवजी १५ डॉलरला २०० एमबी किंवा २५ डॉलरला २ जीबी, पुढच्या प्रत्येक जीबीला १० डॉलर. कंपनीच्या हॉटस्पॉटवरचा वापर या मोजणीत धरला जाणार नाही, हेही त्यातच.

फेम्टोसेल एप्रिल २०१० पासून देशभर विकायला आले. किंमत जवळपास १५० डॉलर, एका वेळी चार जण बोलू शकतील एवढी क्षमता.

रस्त्यावर काय बिघडते

उघड्या चौकातले वाय-फाय दुकानातल्या वाय-फायसारखे वागत नाही. २०१०च्या टाइम्स स्क्वेअरसारख्या ठिकाणी पुढच्या अडचणी येतात, आणि यातल्या बहुतेक आजही रेल्वे स्थानकात किंवा जत्रेच्या मैदानात तशाच येतात.

त्या वेळचे सगळे आयफोन फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालायचे. ५ गिगाहर्ट्झ आयफोनला सप्टेंबर २०१२मध्ये मिळाला. २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीन: १, ६ आणि ११. आजूबाजूची प्रत्येक हॉटेलची खोली, प्रत्येक दुकान याच तीनांत बसलेले. यंत्रे वाढवली की ती एकमेकांनाच त्रास देतात. शेजारी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळजवळ मोकळा पडलेला, पण ग्राहकाच्या खिशातला फोन तिथे जाऊच शकत नाही. रस्त्यावरचा हॉटझोन दोन वर्षे लवकर आला असे म्हणायला इथे आधार आहे.

दुसरी अडचण कडेची. फोन हॉटझोनच्या टोकाला गेला तरी वाय-फाय सोडत नाही. पडद्यावर वाय-फायची एक काडी दिसते, पान मात्र उघडत नाही. ग्राहक वैतागून सेटिंगमध्ये जातो आणि वाय-फाय कायमचे बंद करतो. असा ग्राहक त्या दिवसापुरता गेला असे नाही. घरी जाऊनही त्याचे वाय-फाय बंदच राहते आणि घरातला सगळा डेटा टॉवरवर येतो. कडेचे नियोजन वाईट असेल तर ऑफलोड उणे होऊ शकतो. उपाय ठरलेले आहेत. १ आणि २ एमबीपीएसचे जुने संथ वेग बंद करायचे, यंत्राची पॉवर कमी ठेवायची, अँटेना खाली झुकवायचा, आणि सिग्नल उणे ७०-७५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे माप) खाली गेला की यंत्रानेच फोनला सोडून द्यायचे. मोठे क्षेत्र व्यापल्याचा नकाशा अशाने लहान होतो. विपणन विभागाला तो आवडत नाही, पण ग्राहकाच्या हातातला फोन चालतो.

तिसरी फोनच्या झोपेची. त्या काळचा आयफोन पडदा बंद झाल्यावर थोड्या वेळात वाय-फाय सोडायचा. मग खिशातल्या फोनची ईमेल आणि सूचना थ्रीजीवरूनच. म्हणजे मोठे व्हिडिओ वाय-फायकडे गेले, पण वर सांगितलेला सिग्नलिंगचा खटाटोप टॉवरवरच राहिला. चौकात कॉल न लागण्याचे जे कारण होते त्यावर वाय-फायने फारसा उतारा मिळत नाही.

चौथी सुरक्षेची. फोन ओळखीच्या नावाचे नेटवर्क दिसले की आपोआप जोडला जायचा. त्याच नावाचे खोटे नेटवर्क लॅपटॉपवर उभे केले तरी तो फसतो, हे २०१०मध्येच एका संशोधकाने दाखवून दिले. सिम कार्डाच्या आधारे दोन्ही बाजूंची ओळख पटवणारी पद्धत हे त्यावरचे खरे उत्तर, पण फोन आणि यंत्रे दोन्हीकडे ती रुळायला पुढे बरीच वर्षे गेली.

फेम्टोसेलची अडचण वेगळीच होती. डबा आधी जीपीएसवरून आपली जागा पक्की करतो, कारण परवाना त्या भागापुरता असतो आणि आणीबाणीच्या कॉलला पत्ता लागतो. जीपीएससाठी उघडे आकाश हवे. मॅनहॅटनमध्ये खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. डबा खिडकीत ठेवून तासन्तास वाट पाहायची, आणि खिडकीत ठेवला की आतल्या खोलीत रेंज कमी.

हिशेब

आता मूळ प्रश्न. समजा एका हॉटझोनने महिन्याला २०० जीबी डेटा वाहून नेला. अहवालात हा आकडा छान दिसतो. टॉवरच्या बाजूने काय वाचले ते पाहू. पुढचे सगळे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत.

२०० जीबीचे दिवसाला ६.७ जीबी. त्यातले गर्दीच्या एका तासात पडतात साधारण ८ टक्के, म्हणजे ०.५३ जीबी. बाकीच्या तासांतला डेटा वाय-फायवर गेला काय आणि टॉवरवर गेला काय, कंपनीचा खर्च तोच. विरारची लोकल सकाळी आठच्या गर्दीसाठी चालवावी लागते, दुपारी दोनला चार माणसे कमी चढली म्हणून डबा कमी होत नाही. टॉवरचे नियोजनही गर्दीच्या तासावर होते.

फुकट वाय-फाय मिळाले म्हणून लोक जास्त वापरतात. लॅपटॉप आणि टॅब्लेट तर टॉवरवर आलेच नसते. अर्धा डेटा असा वरचा धरला तर खरा वळवलेला उरतो ०.२७ जीबी. टॉवरची तासाची क्षमता ८.१ जीबी. म्हणजे ३.३ टक्के आराम.

मागणी वर्षाला तिप्पट होत असेल तर ३.३ टक्के आराम किती दिवस पुरतो? अकरा दिवस. महिन्याला २०० जीबी वाहून टॉवरचे विस्ताराचे काम अकरा दिवस पुढे गेले.

आता उदार होऊ. हॉटझोनने गर्दीच्या तासातला ३० टक्के भार उचलला असे धरू. तिप्पट वाढीच्या वेगाने तो चार महिन्यांत भरून निघतो. टाळलेला विस्तार ३ लाख डॉलरचा असेल आणि भांडवलाची किंमत वर्षाला ९ टक्के, तर तो चार महिने पुढे ढकलून वाचले आठ-नऊ हजार डॉलर. एवढ्यात खांबांचे भाडे तरी निघेल का? तोच ३० टक्के आराम, पण मागणी वर्षाला २५ टक्क्यांनीच वाढत असेल तर १.६ वर्षे पुरतो आणि वाचतात ३८ हजारांच्या आसपास.

यातून निघणारी गोष्ट बैठकीतल्या समजुतीच्या उलटी आहे. डेटा धडाधड वाढत असतो तेव्हा सगळे ऑफलोडकडे धाव घेतात. भांडवल वाचवण्याच्या दृष्टीने मात्र त्याची किंमत तेव्हाच सर्वात कमी असते.

मग टाइम्स स्क्वेअरचा हॉटझोन चूक होता का? नाही. वरचा हिशेब 'विस्तार करता येतो, फक्त पैसे लागतात' हे गृहीत धरतो. मॅनहॅटनमध्ये पैसे देऊनही वर्षभर जागा मिळत नव्हती. तिथे तुलना व्याजाशी करून चालत नाही. ती सोडून जाणाऱ्या ग्राहकाशी करायची. महिन्याला ९० डॉलर देणारा ग्राहक दोन वर्षे टिकला तर २,१६० डॉलर. असे दहा-वीस टिकले तरी एका पट्ट्याचा वर्षाचा चालू खर्च निघण्याची शक्यता असते. मात्र हा लाभ मोजायचा तर पट्ट्याच्या आत नेहमी असणारे ग्राहक, त्यांच्या तक्रारी आणि कंपनी सोडण्याचे प्रमाण आधीपासून नोंदवून ठेवावे लागते. नुसते जीबी मोजून तो दिसत नाही.

निकाल

कंपनीने यशाचे माप म्हणून वाय-फायच्या जोडण्यांचा आकडा दर तिमाहीला जाहीर केला. २००९मध्ये साडेआठ कोटी, २०१०मध्ये ३८ कोटींवर, २०११मध्ये १२० कोटी. आकडे खरे, पण ऑफलोडचे माप म्हणून कुचकामी. जोडणी म्हणजे जीबी नाही. शिवाय १ जुलै २०१० पासून त्या कॉफी साखळीने वाय-फाय सर्वांना, एका टिचकीत, फुकट केले. त्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीचा ग्राहक आपल्या लॅपटॉपवर बसला तरी ती या आकड्यात जोडणीच. २०१३मध्ये त्याच साखळीने सात हजार दुकानांचे वाय-फाय गूगलकडे नेण्याचे जाहीर केले. दुसऱ्याच्या खिशातून चालणारा ऑफलोड दुसऱ्याच्या मर्जीने बंदही होतो.

दरबदलाचा परिणाम खोल गेला. कंपनीनेच सांगितले होते की ९८ टक्के स्मार्टफोनधारक महिन्याला २ जीबीच्या आत असतात. म्हणजे बिल बहुतेकांचे वाढणार नव्हते. पण मीटर दिसू लागले की माणूस घरी आल्यावर वाय-फाय लावतो. खरा ऑफलोड चौकात न होता घरात झाला, ग्राहकाच्या ब्रॉडबँडवर, त्याच्या विजेवर, कंपनीला एक पैसाही न पडता. जाळ्याची यंत्रसामग्री बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या अंदाजानुसार २०१५मध्ये जगातल्या मोबाइल उपकरणांच्या डेटापैकी निम्म्याहून अधिक डेटा वाय-फाय किंवा फेम्टोसेलमार्गे स्थिर जाळ्यावर जात होता. २०१०मध्ये दक्षिण कोरियात शंभराच्या आसपास आयफोनधारकांच्या फोनवर झालेल्या मोजणीतही ६५ टक्के डेटा आपसूक वाय-फायवर जाताना दिसला. डेटा १०० सेकंद थांबवून ठेवून वाय-फाय येण्याची वाट पाहिली तर त्यात फक्त २-३ टक्क्यांची भर पडली. लोक जिथे वाय-फाय वापरतात तिथे ते तासन्तास बसलेले असतात. चालत्या माणसाला पकडण्यासाठी यंत्रे लावण्याचा फायदा मर्यादित का, ते इथे कळते.

स्पेक्ट्रमची भूक मात्र भागली नाही. मार्च २०११मध्ये कंपनीने चौथ्या क्रमांकाची प्रतिस्पर्धी कंपनी ३,९०० कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले आणि कारण स्पेक्ट्रमचा तुटवडा असे दिले. सरकारने अडवल्यावर डिसेंबरमध्ये तो व्यवहार मोडला आणि ३०० कोटी डॉलर रोख, शिवाय काही स्पेक्ट्रम भरपाई म्हणून द्यावे लागले. हॉटझोनने प्रश्न सुटत असता तर एवढा जुगार कोणी खेळला नसता. भार खऱ्या अर्थाने हलका झाला तो फायबर बॅकहॉल, सप्टेंबर २०११पासूनचे फोरजी आणि आयफोनची मक्तेदारी संपणे या तिन्हींमुळे. नोव्हेंबर २०१२मध्ये ४०,००० छोटे टॉवर उभारायचे लक्ष्य जाहीर झाले होते. दुसरी एक लहान कंपनी विकत घेऊन स्पेक्ट्रम हाती आल्यावर २०१५मध्ये तेही सोडून दिले. स्पेक्ट्रम मिळाला की ऑफलोडची आणि दाटीची गणिते एका रात्रीत बदलतात.

निर्णयाचे टप्पे, आणि काय वेगळे करता आले असते

पहिला टप्पा २००८चा. हॉटस्पॉटवाली कंपनी घेतली हे योग्य. पण लॉगिनचा अडथळा फोन बनवणाऱ्याच्या पुढच्या आवृत्तीपर्यंत तसाच राहिला. फोन विकण्याचा एकमेव हक्क हातात असताना आपोआप लॉगिन ही कराराची अट करून घेता आली असती. २७.५ कोटींच्या जाळ्याचा उपयोग काही महिने आधी सुरू झाला असता.

दुसरा टप्पा मे २०१०. चौकात यंत्रे लावण्याआधी त्याच चौकातल्या टॉवरांची बॅकहॉल, रेडिओ आणि सिग्नलिंग अशी तीन वेगळी मोजमापे समोर ठेवायला हवीत. बॅकहॉल भरला असेल तर आधी फायबर. सिग्नलिंग भरले असेल तर फोन बनवणाऱ्याशी जोडणी तोडण्याच्या वेळेबद्दल बोलणी आणि जाळ्यातल्या टायमरची जुळवणी, ज्याला यंत्रसामग्री लागत नाही. रेडिओ भरला असेल आणि जागा मिळत नसेल तरच वाय-फाय. हा क्रम आजही लागू आहे.

तिसरा टप्पा जून २०१०, आणि आमच्या मते सर्वात महाग पडलेला. नवे प्लॅन फक्त नव्या ग्राहकांना लागू केले. जुन्यांचा अमर्याद प्लॅन तसाच ठेवला. वाय-फायवर जाण्याचे कारण ज्यांना द्यायला हवे होते ते ४० टक्के डेटा वापरणारे ३ टक्के लोक नेमके जुन्यांत होते. त्यांना आवरायला ऑक्टोबर २०११पासून वेग कमी करण्याची पद्धत आली. संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०१४मध्ये दावा लावला. ३५ लाखांहून अधिक ग्राहकांचा वेग अडीच कोटींहून अधिक वेळा उतरवला गेला, असा त्यातला आरोप होता. २०१९मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याऐवजी जुन्यांना प्लॅन बदलण्यासाठी घसघशीत आमिष देता आले असते: महिन्याचे पाच-दहा डॉलर कमी, किंवा घरच्या ब्रॉडबँडवर सूट. कंपनी ब्रॉडबँडही विकत होती, हे लक्षात घेतले की संधी किती जवळ होती ते दिसते.

चौथा टप्पा फेम्टोसेलचा. ग्राहकाने १५० डॉलरचा डबा घेतला, वीज त्याची, ब्रॉडबँड त्याचे, आणि तरी त्यावरून गेलेला डेटा त्याच्या प्लॅनमधून वजा. वाय-फायवर तोच डेटा मोजला जात नव्हता. अशा वेळी शहाणा ग्राहक डेटासाठी डबा कशाला वापरेल? कंपनीने डब्याकडे आवाजाची रेंज सुधारणारी वस्तू म्हणून पाहिले. क्षमता वाचवणारी वस्तू म्हणून पाहिले असते तर भरलेल्या सेक्टरमधल्या ग्राहकांना तो फुकट देणेही परवडले असते. वर धरलेल्या ३ लाखांच्या विस्ताराच्या पैशात असे दोन हजार डबे येतात. शिवाय डबा आवाज आणि सिग्नलिंग दोन्ही उचलतो, जे वाय-फायला तेव्हा जमत नव्हते.

मुंबई सेंट्रलवर हाच हिशेब

जानेवारी २०१६मध्ये रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीच्या फायबरवर गूगलने मुंबई सेंट्रलला फुकट वाय-फाय सुरू केले. जून २०१८मध्ये चारशेवे स्थानक जोडले गेले, महिन्याला ८० लाखांहून अधिक लोक ते वापरत आणि एका बैठकीत सरासरी ३५० एमबी खर्च होत. तांत्रिकदृष्ट्या हे न्यूयॉर्कपेक्षा कितीतरी चांगले काम होते, कारण फायबर आधीच रुळांशेजारी पडलेले होते. आर्थिक मांडणी मात्र उलटी होती. खर्च गूगल आणि रेलटेलचा, हलके होणारे टॉवर मोबाइल कंपन्यांचे, आणि त्या एक रुपयाही देत नव्हत्या.

त्यातच डेटाचा भाव कोसळला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीनुसार १ जीबीला २०१४मध्ये सरासरी २६९ रुपये पडत, ते २०१८मध्ये १२ रुपयांच्या आत आले. ३५० एमबीची बैठक ग्राहकाला पूर्वी ९४ रुपये वाचवून देत होती, आता चार रुपये. चार रुपयांसाठी ओटीपी मागवून लॉगिन करायचे? फेब्रुवारी २०२०मध्ये गूगलने ही योजना आवरती घेत असल्याचे जाहीर केले, डेटा स्वस्त झाल्याचे कारण देत. रेलटेलने वाय-फाय चालू ठेवले आणि मार्च २०२१मध्ये दर लावले: पहिली ३० मिनिटे १ एमबीपीएसने फुकट, पुढे ३४ एमबीपीएसने दिवसाला ५ जीबी हवे तर १० रुपये.

हे दहा रुपये देणारा प्रवासी कोण, हे पाहण्यासारखे आहे. लोकल पकडणारा तो नव्हे, कारण फलाटावर तो चार मिनिटे असतो. लांब पल्ल्याच्या गाडीची तासन्तास वाट पाहणारा, रात्रीच्या प्रवासासाठी दोन सिनेमे उतरवून घेणारा तो असू शकतो. स्थानकात यंत्रे कुठे लावायची हे यावरून ठरते: प्रतीक्षालयात आणि लांब पल्ल्याच्या फलाटांवर, पादचारी पुलावर नाही.